नील गावची कुळे व ‘बॉयकॉट’ शब्दाची उत्पत्ती

‘बॉयकॉट’ हा शब्द १९०५ सालच्या स्वदेशीच्या चळवळीपासून आपल्याकडे सर्वतोमुखी झाला. परंतु मुळात ते एका कारभाऱ्याचे आडनाव असून, खंडाच्या तंट्यातून त्याचा शब्द बनला, हे पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. सबब ती हकीकत आम्ही येथे देत आहो.

आयर्लंडच्या पश्चिमेस मेयो परगण्यात मास्क सरोवरानजीक नील नावाचे लहानसे खेडे आहे. तेथील सुमारे १५०० एकर जमीन लॉर्ड अर्न या दूर राहणाऱ्या सरदाराची होती व तिच्या वसुलीचे काम कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट पाहत असे. १८७९ साली अतिवृष्टीने बटाट्याचे पीक बुडाले. पुढील वर्षी कुळांनी खंडात शेकडा २५ सूट मागितली. मालकाने शेकडा १० देऊ केली. कुळांनी ती नाकारली.

सप्टेंबर १८८० मध्ये पार्नेल या पुढाऱ्याने एनिस येथील सभेत उपदेश केला, की बेदखल झालेल्या कुळाची जमीन जो घेईल त्यास मारू नका, परंतु त्याच्याशी सर्व व्यवहार तोडा. तीनच दिवसांनी बॉयकॉटने कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. बजावणाऱ्यास गावच्या बायकांनी शेणचिखल फेकून पिटाळले. मग मजुरांनी शेत सोडले. लोहार, परटीण, दुकानदार, कोणीही त्याचे काम करीना. काहींना धाकही घालण्यात आला, हे लपविण्याचे कारण नाही.

पीक शेतातच उभे राहिले. तेव्हा उत्तरेकडून ५० स्वयंसेवक काढणीस आले व त्यांच्या रक्षणार्थ सुमारे १००० शिपाई. सुमारे ५०० पौंडांच्या बटाटे-सलगमांपायी १०,००० पौंडांच्या घरात खर्च झाला! नोव्हेंबरअखेर बॉयकॉट गाव सोडून गेला. ‘वाळीत टाकणे’ या अर्थाचा अवघड इंग्रजी शब्द गावकऱ्यांच्या तोंडी बसणार नाही, म्हणून त्याचेच नाव क्रियापद करावे, असे तेथील धर्मगुरू फादर ओमॅली यांनी सुचविले.

अशा लढ्यांच्या रेट्याने १८८१ च्या कायद्यान्वये वाजवी खंड ठरविणारी न्यायालये निघाली आणि १९०३ च्या कायद्याने सरकारी कर्जावर जमीन विकत घेण्याची वाट कुळांस अधिक मोकळी झाली.

यातून बोध काय? खंड कागदावर कितीही लिहिलेला असो, जमिनीचे मोल कसणाऱ्या हातांवाचून वसूल होत नाही. परंतु दुसरी बाजूही ध्यानी धरावी. नीलच्या मजुराने आपली मजुरी बुडवून बलवानाशी असहकार केला. आपल्या गावांत मात्र पुष्कळदा बहुसंख्यांनी एखाद्या दुबळ्या कुटुंबासच वाळीत टाकिले. म्हणूनच महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरविला. हत्यार एकच, ते कोणावर उगारले, यावरून त्याचा न्याय करावा, असे आम्हांस वाटते.