बंदूक हलकी, दणका भारी

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढला तेव्हा उजव्या खांद्याच्या पुढच्या बाजूला, काखेच्या जवळ, तळहाताएवढा काळानिळा डाग उठला होता. दुसरा गालाच्या हाडावर. दिवसभरात त्यांनी 110 काडतुसं उडवली होती आणि कबुतरं पडली होती 19. त्यातली 14 दुपारच्या जेवणाआधीच्या 50 बारांत. जेवणानंतर 60 बार झाले आणि हाती आली पाच.

हे गृहस्थ मूळचे वाई तालुक्यातले, नोकरीनिमित्त इंग्लंडात लिंकनशरमध्ये स्थायिक झालेले. लहानपणी आजोबांबरोबर माळ्यावर बसून त्यांनी ज्वारीची राखण केलेली. गोफणीचा दगड सुटतानाचा तो सणसणाट त्यांना अजून आठवतो. लिंकनशरच्या शेतात मोहरीच्या कुळातल्या रेपसीडवर रानकबुतरांचे थवे उतरताना त्यांनी पाहिले, शेतकऱ्याचा वैतागलेला चेहरा पाहिला, आणि ही राखण आपल्या ओळखीची आहे असं त्यांना वाटलं. बंदूक घेण्याचा विचार तिथून सुरू झाला.

तिकडचं हे कबूतर, वूडपिजन, आपल्या पारव्यापेक्षा चांगलंच मोठं, साधारण अर्धा किलोचं. हिवाळ्यात इतर खाणं संपलं की ते रेपच्या पानांवर येतं, पुढे वाटाण्यावर. इंग्लंडमध्ये ते केवळ हौस म्हणून मारता येत नाही. पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठी म्हणून सरकारने जीएल 42 नावाचा सर्वसाधारण परवाना दिलेला आहे, त्याच्या अटी पाळाव्या लागतात, आणि शेतमालकाची परवानगी तर हवीच. बंदुकीसाठी पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं ते वेगळंच. हे सगळं त्यांनी रीतसर केलं. चूक झाली ती दुकानात.

जुलै महिना होता. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दुकानदाराने जुन्या बंदुकांच्या रांगेतून एक काढून हातात दिली: 12 बोअरची, नळीवर नळी असलेली दुनळी, ॲक्शन अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, वजन 2.7 किलो, किंमत 425 पौंड. “हातात काही धरलंय असंच वाटेना,” ते सांगतात. “शेजारची बंदूक साडेतीन किलोची होती. ती उचलून ही उचलली की दुसऱ्या कुठल्या बंदुकीकडे बघावंसंच वाटत नव्हतं. मी विचार केला तो बांधावरून चालण्याचा. बार किती काढायचे, याचा विचारच केला नाही.”

कबुतरांच्या राखणीत चालणं थोडं असतं. माणूस जाळीच्या लपणात बादलीवर बसतो, समोर वीस-पंचवीस पावलांवर फसवी कबुतरं मांडतो आणि थवा वळण्याची वाट पाहतो. दिवस चांगला लागला तर शंभर बार सहज होतात. बंदूक हातात वाहण्याचा काळ अर्धा तास, खांद्याला लावण्याचा सहा तास.

बंदूककारांकडे याचा एक जुना हिशेब आहे. बर्मिंगहॅमचे ग्रीनर यांच्या नावाने तो सांगितला जातो: काडतुसात जितक्या वजनाचे छर्रे, त्याच्या 96 पट बंदुकीचं वजन असावं. 28 ग्रॅमच्या काडतुसाला 2.7 किलोची बंदूक जेमतेम पुरते. 32 ग्रॅमला तीन किलोच्या वर जावं लागतं, 36 ला जवळजवळ साडेतीन. या गृहस्थांनी कबुतरांसाठी म्हणून दुकानातून 32 ग्रॅमची पेटी उचलली होती. जास्त छर्रे, जास्त कबुतरं, असा सरळ समज. काडतूस तेच असेल तर बंदुकीच्या दणक्याची ऊर्जा वजनाच्या उलट प्रमाणात बदलते. 3.4 किलोच्या बंदुकीपेक्षा 2.7 किलोची सव्वा पट जोराने मारते, आणि तेही प्रत्येक बाराला.

दुपारनंतर नेम का गेला, हे त्यांना बरेच दिवस कळलं नव्हतं. शेजारच्या गावातला एक म्हातारा शिकारी एकदा त्यांच्या मागे उभा राहिला आणि चौथ्या-पाचव्या बारालाच म्हणाला, “तुम्ही चाप ओढायच्या आधी डोळे मिटताय.” दणक्याच्या भीतीने शरीर आधीच आकसतं. खांदा मागे जातो, नळी खाली जाते. एकदा ही सवय जडली की बंदूक बदलली तरी ती लगेच सुटत नाही, आणि हलक्या बंदुकीचं खरं नुकसान मला तरी हेच वाटतं. काळानिळा डाग आठवड्यात जातो.

म्हाताऱ्याने दुसरीही गोष्ट दाखवली. हलकी नळी पटकन वळते, तशी पटकन थांबतेही. आडव्या जाणाऱ्या कबुतराच्या पुढे नळी न्यायची आणि बार सुटल्यावरही ती फिरतीच ठेवायची, यावर सगळं अवलंबून असतं. नळीला वजन असलं की ती आपल्याच वेगाने पुढे जात राहते. हलकीला ते हाताने करावं लागतं, आणि दमलेला हात ते करत नाही. बार कबुतराच्या शेपटीमागे जातो.

डाग काखेजवळ का उठला, याचं कारण मात्र वजन नव्हतं. हे गृहस्थ पाच फूट पाच इंच, आणि बंदुकीचा दस्ता सरासरी उंच इंग्रजाच्या मापाचा. जुलैच्या पातळ शर्टावर तो बसल्यासारखा वाटला. फेब्रुवारीच्या जाड कोटावर वर आणताना तो काखेत अडकायचा आणि खांद्याच्या खोबणीऐवजी दंडाच्या बाजूला टेकायचा. शेवटी एका कारागिराने पाऊण इंच दस्ता कापून मागे रबराची गादी बसवली. बंदुकीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ होता, तरी त्यासाठी त्यांनी सात महिने घालवले.

दणका कमी व्हावा म्हणून त्यांनी मधल्या काळात 21 ग्रॅमची काडतुसं आणून पाहिली. पहिला बार व्यवस्थित, दुसऱ्याला चाप मेल्यासारखा. चार वेळा असं झालं तेव्हा बंदूक बिघडली असं समजून ते दुकानात गेले. बिघाड काहीच नव्हता. या जातीच्या एकचापी बंदुकीत पहिल्या नळीचा दणकाच चापाला दुसऱ्या नळीवर सरकवतो. दणका अगदीच सौम्य असेल किंवा दस्ता खांद्याला घट्ट नसेल, तर चाप सरकत नाही. म्हणून काडतुसाचं वजन कुठल्याच टोकाला नेता येत नाही. आता ते सहा नंबरच्या छर्‍यांची 28 ग्रॅमची काडतुसं वापरतात, आणि अर्धा किलोच्या पाखराला तीस-पस्तीस पावलांवर ती पुरून उरतात.

जे लोक छर्‍याची बंदूक सगळ्यात जास्त चालवतात, त्यांच्याकडे पाहिलं तरी हेच दिसतं. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 साली अथेन्समध्ये ज्या प्रकारात रौप्य मिळवलं, त्या मातीच्या थाळ्यांवरच्या नेमबाजीत काडतूस साधारण 24 ग्रॅमचं असतं आणि बंदुका साडेतीन किलोच्या आसपास किंवा त्याहून जड. भारतात वन्यजीव कायद्यामुळे आता पाखरांवर बंदूक उचलण्याचा प्रश्न उरलेला नाही. पण थाळ्यांच्या मैदानावर जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींनाही हा हिशेब जसाच्या तसा लागू पडतो, आणि पालकांनी ‘मुलगी लहान आहे, हलकी घेऊ’ असं म्हणण्याआधी तो जरूर मांडावा.

मग कमी पैशात घ्यायचं काय? या गृहस्थांचं उत्तर आता ठरलेलं आहे: लपणात बसून कबुतरं राखायची असतील तर गॅसवर चालणारी 12 बोअरची सेमी-ऑटोमॅटिक, तीन किलोच्या आगेमागे, जुनी. बाराच्या वायूचा काही भाग यंत्रणा चालवण्यात खर्च होतो आणि धक्का थोडा लांबतो, खांद्याला तो ठोशासारखा न लागता ढकलल्यासारखा लागतो. साध्या प्रमाणपत्रावर हवी असेल तर तिच्या कोठीत दोनच काडतुसं मावली पाहिजेत. दर वेळी ती साफ करावी लागते, आणि टरफलं दूरवर उडतात, ती पिकातून वेचून आणावी लागतात. ज्याला दुनळीच हवी त्याने 20 बोअर पाहावी, पण 24 ते 28 ग्रॅमच्या पुढे न जाण्याचं मनाशी ठरवून. स्पेनमधल्या एइबारची जुनी आडवी दुनळीही स्वस्तात मिळते.

जुनी दुनळी तपासण्याची रीत त्यांनी म्हाताऱ्याकडून घेतली. नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरायच्या. आतली प्रकाशाची कडी कुठे वाकडी दिसली तर तिथे पोचा आहे. मग त्या बोटावर टांगून नखाने टिचकी मारायची. घंटेसारखा आवाज आला तर नळ्यांमधला डाग, म्हणजे झाळ, शाबूत. भदभद आवाज आला तर बंदूक परत रांगेत ठेवायची. पुढचा लाकडी भाग काढून, बंदूक बंद करून हलवायची. बिजागरी खुळखुळली की नको. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे किंवा त्याच तोडीचे शिक्के वाचायचे. हे आता जास्तच महत्त्वाचं झालंय, कारण ब्रिटिश सरकारने 2025 च्या जुलैत शिशाच्या छर्‍यांवर बंदी जाहीर केली आहे आणि पोलादी छर्‍यांकडे वळावं लागणार आहे. जोरदार पोलादी काडतुसांसाठी नळीवर कमळासारख्या फ्लर-द-ली फुलाचा शिक्का हवा. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यायचा: सहाच्या जागी चार.

आणि दुकानात जाताना हिवाळी कोट घालून जायचं, मग जुलै का असेना. डोळे मिटून बंदूक खांद्याला आणायची, डोळे उघडायचे. नळीवरची पट्टी थेट डोळ्यासमोर असेल तर दस्ता आपला. मान वाकवावी लागली तर नाही.

ती 2.7 किलोची बंदूक त्यांनी विकलेली नाही. हिवाळ्यात संध्याकाळी कबुतरं रातनिवाऱ्याला झाडीत उतरतात, तेव्हा ओल्या पाचोळ्यातून दोन मैल चालत जायचं असतं आणि अंधार पडेपर्यंत मोजके बार मिळतात. मागच्या हिवाळ्यात अशा एका संध्याकाळी ते ती घेऊन गेले होते. सात काडतुसं उडाली, तीन कबुतरं पडली, आणि परत येताना बंदूक काखेत होती हे त्यांना फाटकाची कडी काढताना आठवलं.