श्नायडर म्हणजे शिंपी, पण पत्रात तो श्नायडरच

परदेशी ग्राहकाचे पत्र हाती आले की आपण प्रथम नग, भाव आणि मुदत पाहतो. खाली सही करणाऱ्याचे नाव घाईने वाचतो आणि उत्तरात जमेल तसे लिहितो. ही सवय महागात पडू शकते. म्हणून आजच्या धड्यासाठी आम्ही एकच जर्मन आडनाव घेतले आहे: श्नायडर.

याचे स्पेलिंग एस-सी-एच-एन-ई-आय-डी-ई-आर. जर्मन भाषेत 'एस-सी-एच' मिळून 'श' होतो आणि 'ई-आय' या जोडीचा उच्चार 'आय' होतो. म्हणून 'स्कनीडर' किंवा 'श्नीडर' न म्हणता 'श्नायडर' म्हणावे. इंग्रजी बोलणारेही तसेच म्हणतात.

आता अर्थ पाहू. जर्मनमध्ये 'श्नायडेन' म्हणजे कापणे. कापणारा तो श्नायडर, अर्थात शिंपी. इंग्रजी 'टेलर' हा शब्दही जुन्या फ्रेंचमधल्या कापण्याच्या क्रियापदावरून आला आहे. आपला 'दर्जी' मात्र फारसी 'दर्ज' म्हणजे शिवण यावरून, आणि अरबी 'खय्यात' हा 'खैत' म्हणजे दोरा यावरून आला. कारागीर एकच, तिकडे त्याचे नाव कात्रीवरून पडले, इकडे सुईदोऱ्यावरून.

इंग्रजी पत्रव्यवहारात हे आडनाव वापरताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. आडनावाचे भाषांतर करू नये. श्नायडर साहेबांना 'मिस्टर टेलर' लिहिले तर ते दुसऱ्याच माणसाला पत्र झाले.

२. 'मिस्टर' किंवा 'हेर' यांपैकी एकच लिहावे. बाईंना 'फ्राऊ श्नायडर' लिहावे. 'श्नायडरिन' म्हणजे शिवणकाम करणारी स्त्री. ते आडनावाचे रूप नव्हे.

३. पहिले अक्षर मोठे हवे. इंग्रजी शब्दकोशात लहान अक्षराने हा शब्द आढळला तर तो बहुधा पत्त्यांच्या खेळातला असतो.

४. आडनावावरून धंदा ठरवू नये. वीजसामानाच्या दुकानांत दिसणारे 'श्नायडर' हे फ्रेंच कंपनीचे नाव आहे. त्या घराण्यातील दोन भावांनी १८३६ साली फ्रान्समधील ल क्रूझो येथे लोखंडाचा कारखाना घेऊन आरंभ केला. शिवणकामाशी त्याचा संबंध नाही.

५. स्पेलिंग सोपे करू नये. अमेरिकेत गेलेल्या अनेक श्नायडर कुटुंबांनी आपले आडनाव 'स्नायडर' असे लिहायला सुरुवात केली. काही तर 'टेलर'च झाले. तो त्यांचा अधिकार. आपण 'श्नायडर'चे 'स्नायडर' केले तर कागदावर दुसरी व्यक्ती उभी राहते.

याचे गांभीर्य पटावे म्हणून एक खटला सांगतो. १९८५ साली अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयापुढे लेटर ऑफ क्रेडिटचे एक प्रकरण आले. माल पोहोचल्याची सूचना ज्याला द्यायची, त्याच्या आडनावात बिल ऑफ लेडिंगवर एक अक्षर चुकले होते. बँकेने पैसे नाकारले आणि न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. 'स्मिथ' या नावात एखादा 'एच' जास्त पडला, तर ती टंकलेखनाची चूक आहे हे उघड कळते, असेही न्यायालयाने म्हटले. अपरिचित नावाच्या बाबतीत मात्र ती चूक आहे की माणूसच वेगळा आहे, हे बँकेने कसे ओळखावे? गंमत अशी की 'स्मिथ' म्हणजे लोहार. तेही धंद्यावरूनच पडलेले आडनाव.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा, अत्तार म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा, शिकलगार म्हणजे हत्यारांना धार व चकाकी देणारा. आज अत्तार आडनावाचा माणूस मोटारीचे सुटे भाग विकत असेल. म्हणून त्याला कोणी 'मिस्टर परफ्यूमर' लिहिलेले चालेल का? आणि 'नदाफ'मध्ये इंग्रजी 'डी' एक की दोन, हे पॅन कार्ड, बँक खाते आणि बीजक यांवर सारखे आहे का, हे आजच तपासावे.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच. नावाचा अर्थ जरूर समजून घ्यावा, त्याने ओळख वाढते. पण लिहिताना समोरच्याच्या पत्रावरून एकेक अक्षर पाहून उतरवावे. कापड कापण्यापूर्वी दोनदा मापतो, तसे पत्र पाठवण्यापूर्वी नाव दोनदा वाचावे.