डिझेल मोटारीतील साहाय्यक तापक आणि इंधनाची बचत

मोटारीच्या एंजिनात जळणाऱ्या इंधनाची सर्वच उष्णता चाके फिरविण्याच्या कामी येत नाही. तिचा काही भाग धुरावाटे निघून जातो, तर काही भाग एंजिनाभोवती खेळणारे पाणी शोषून घेते. थंड प्रदेशांत याच तापलेल्या पाण्याने मोटारीचा अंतर्भाग उबदार ठेवितात. ही ऊब विनामूल्य होय. कारण ती वापरली नाही, तरी रेडिएटरमधून हवेतच जावयाची.

परंतु एंजिन जितके काटकसरी, तितकी ही टाकाऊ उष्णता कमी. रुडॉल्फ डिझेल याच्या एंजिनाने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जेचे कार्यात रूपांतर करून दाखविले. आजच्या मोटारींतील डिझेल एंजिने अनुकूल भाराखाली ४० टक्क्यांच्या आसपास पोहोचतात. १९८९ साली ऑडी कंपनीची टीडीआय मोटार आल्यानंतर थेट इंधन फवारणारी अशी एंजिने युरोपात लवकरच रूढ झाली. त्यांतून एक नवीच अडचण उद्भवली. जर्मनीसारख्या देशातील हिवाळ्यात कित्येक किलोमीटर गाडी चालली, तरी पाणी कोमटच राही.

तापकाचे कार्य

ही उणीव भरून काढण्यासाठी साहाय्यक तापक, म्हणजेच ऑक्झिलरी हीटर, बसविण्यात आला. त्याचा एक प्रकार टाकीतीलच डिझेल वेगळ्या लहान ज्वलनकक्षात जाळून एंजिनाचे पाणी तापवितो. अनेक गाड्यांत बाहेरील तापमान सुमारे ५ अंश सेल्सिअसच्या खाली असल्यास तो एंजिनाबरोबर आपोआप पेटतो आणि पाणी पुरेसे तापले म्हणजे विझतो. दुसरा प्रकार विजेवर चालतो. मात्र ती वीजही एंजिनच निर्माण करीत असल्यामुळे तिचे मोल अखेर डिझेलनेच द्यावे लागते.

बचतीचा हिशेब

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. पाच किलोवॅट उष्णता देणारा तापक पूर्ण शक्तीने चालल्यास तासाला सुमारे ०.६ लिटर डिझेल घेतो. शंभर किलोमीटरला ६ लिटर लागणारी एक गाडी उदाहरणादाखल घेऊ. शहरातील १० किलोमीटरच्या, २० मिनिटांच्या फेरीत एंजिनाला ०.६ लिटर व तापकाला ०.२ लिटर इंधन लागेल; म्हणजे एंजिनाच्या एक-तृतीयांश खर्च केवळ उबेवर होईल. रोज अशा दोन फेऱ्या धरल्या, तर हिवाळ्याच्या १०० दिवसांत ४० लिटर डिझेल खर्ची पडेल. याउलट २०० किलोमीटरच्या प्रवासात तापक पहिली २० मिनिटेच चालला, तर १२ लिटरांपुढे त्याचे ०.२ लिटर नगण्य ठरतात. तेव्हा तापक बंद करण्याचा लाभ मुख्यतः आखूड फेऱ्या करणाऱ्यासच होतो.

तथापि हे ४० लिटर पुरते वाचत नाहीत. तापकाने तापविलेले पाणी एंजिनातूनही फिरते. तापक बंद केल्यास एंजिन अधिक काळ थंड राहते. थंड तेल दाट असल्याने घर्षण वाढते आणि एंजिन अधिक इंधन मागते. शिवाय ऊब मिळावी म्हणून उभ्या गाडीचे एंजिन चालू ठेवल्यास राहिलेली बचतही नाहीशी होते. जर्मनीत तर वाहतुकीच्या नियमांनी अशा कृतीस मनाई केलेली आहे.

घ्यावयाची काळजी

गाडीत तापक बंद करण्याची कळ असल्यास तीच वापरावी. ती नसल्यास जाणत्या कारागिराकडून त्याची केवळ विद्युत्-जोडणी सोडवून घ्यावी. इंधनाची व पाण्याची नळी यांस हात लावू नये. ज्वाला विझल्यानंतरही तापकाचा पंखा काही काळ फिरून आतील उष्णता बाहेर टाकीत असतो. तो थांबण्यापूर्वी वीज तोडल्यास तापकास इजा पोहोचते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट काचेची. थंड गाडीत प्रवाशांच्या श्वासातील बाष्प समोरच्या काचेवर साचते व गोठते, आणि चालकास रस्ता दिसेनासा होतो. कोरड्या, सौम्य थंडीत जाड कपडे घालून तापकाशिवाय भागविता येईल. परंतु गोठविणाऱ्या थंडीत काच स्वच्छ राहत नसेल, तर तापक जोडलेलाच असावा. दोन दशांश लिटर डिझेलच्या बचतीसाठी दृष्टी गमावणे ही काटकसर नव्हे.