माळ लांबते, पण कावीळ त्यामुळे उतरत नाही

पावसाळा सरता सरता सातारा-सांगलीकडच्या गावांत डोळे पिवळे झालेले रुग्ण वाढू लागतात. त्यांतले बरेच जण रक्ततपासणीच्या आधी माळ घालणाऱ्याकडे किंवा चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की कावीळ हा एक रोग नाही. ते अनेक रोगांचं लक्षण आहे. म्हणून उपाय शोधण्याआधी कारण शोधलं पाहिजे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तात मिसळून आतड्यात सोडतं. पेशी फार वेगाने मोडल्या, यकृताला सूज आली किंवा पित्ताची वाट अडली, तर ते रक्तात साचतं. डोळे तिन्ही वेळा सारखेच पिवळे दिसतात, उपचार मात्र तिन्हींचे वेगळे.

आपल्याकडे सर्वाधिक आढळते ती विषाणूंमुळे होणारी यकृताची सूज. त्यातले हेपॅटायटिस ए आणि ई मैलामिश्रित पाण्यातून पसरतात. 1981 मध्ये कोल्हापुरात आणि 2012 मध्ये इचलकरंजीत अशा काविळीच्या मोठ्या साथी येऊन गेल्या. ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली. अशा पुरात गटार आणि नळाचं पाणी एक व्हायला वेळ लागत नाही. ई विषाणू शरीरात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण पाच-सहा आठवडे लागतात. त्यामुळे पूर ओसरून घरं धुऊन झाली, तरी पाणी उकळून पिणं थांबवू नये.

आधी कारण शोधा, या म्हणण्यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, ‘आमच्या गावात माळेने शेकडो लोक बरे झालेत, ते खोटं का?’ बरे झाले हे खरंच आहे. पण ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, माळ घाला अगर न घाला. माळेत ओवलेल्या ओल्या काड्या सुकून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून चुन्याच्या पाण्यात धुतला, तर धडधाकट माणसाच्या हातूनही पिवळं पाणी निघतं. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी 1989 मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा चमत्कारांमागचं कारण लोकांसमोर उलगडत आले आहेत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘डॉक्टरही विश्रांतीच सांगतात, मग दवाखान्याचा खर्च कशाला?’ ए आणि ई वर सहसा वेगळं औषध लागत नाही, हे कबूल. पण रुग्ण त्याच गटातला आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. बिलिरुबिन, एसजीपीटी, रक्त गोठण्याची चाचणी, विषाणूंच्या चाचण्या आणि गरजेप्रमाणे पोटाची सोनोग्राफी यांतून चित्र स्पष्ट होतं. पांढरट शौच आणि अंगाला खाज असेल तर पित्तनळीत खडा किंवा गाठ असू शकते. सोबत थंडीताप आला तर ती तातडीची बाब ठरते. पुराच्या किंवा शेताच्या पाण्यात वावरलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत वेदना आणि कमी लघवी असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार हवा. त्यावर प्रतिजैविक वेळेत मिळालं तर जीव वाचतो. बी आणि सी विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्यांची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात, त्यामुळे खर्चाचा मुद्दाही बराच सैल होतो.

‘झाडपाल्याने अपाय तर होत नाही ना?’ असंही विचारलं जातं. होऊ शकतो. काय घातलंय ते माहीत नसलेला काढा सुजलेल्या यकृतावर आणखी भार टाकतो, आणि नाकात सोडलेल्या कडू रसाने गळणारं पिवळं पाणी म्हणजे पोळलेल्या त्वचेचा स्राव असतो, कावीळ नव्हे. हळद आणि तेल-तूप पूर्ण बंद करण्याचीही गरज नाही. पचेल ते साधं, पोटभर जेवण घ्यावं. उसाचा रस ताकद देतो, कावीळ बरी करत नाही. गाड्यावरच्या बर्फातून मात्र नवा जंतू पोटात जाऊ शकतो. दारू पूर्ण बंद ठेवावी आणि पॅरासिटामॉलसह कोणतीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. गुंगी, असंबद्ध बोलणं, न थांबणारी उलटी, रक्तस्राव किंवा पोट फुगणं दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. गर्भवतीला कावीळ झाली तर यांतल्या एकाही लक्षणाची वाट पाहू नये, कारण शेवटच्या तिमाहीत ई विषाणू आईचाही जीव घेऊ शकतो. ज्यांना माळ घालायचीच आहे, त्यांनी निदान आधी रक्त तपासून घ्यावं.