आकड्यांतून आरोग्य : सिकलसेल तपासणीचे गणित



"सर, संभाव्यता शिकून पुढे उपयोग काय?" हा प्रश्न दरवर्षी दहावीच्या वर्गात एखादा तरी विद्यार्थी विचारतो. प्रश्न रास्त आहे. नाणे उडवणे, फासे टाकणे, पिशवीतून लाल-पांढरे चेंडू काढणे यांपलीकडे पुस्तक फारसे जात नाही. म्हणून या अंकात त्याचे उत्तर एका आजाराच्या उदाहरणाने देत आहे. हा आजार आपल्या इंदूरपासून लांब नाही. धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन या शेजारच्या जिल्ह्यांत तो आहे. सातपुडा ओलांडला की नंदुरबारमध्ये आहे, विदर्भात आहे, गुजरातच्या आदिवासी पट्ट्यातही आहे. त्याचे नाव सिकलसेल.

माझे स्वतःचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले. तिथे ज्याला 'प्रायिकता' म्हणत, ती मराठी पुस्तकातली 'संभाव्यता'. तिथला 'जीन' तो इथला 'जनुक', आणि तिथला 'हँसिया' तो आपला 'विळा'. आपल्या मुलांच्या कानावर दोन्ही शब्द पडतात, म्हणून ते आधीच सांगून ठेवले. शब्द दोन असले तरी गणित एकच आहे.

आजार कोणता?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, चपट्या आणि लवचिक असतात. बारीकशा रक्तवाहिनीतूनही त्या वाकून निघून जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असते आणि ते प्राणवायू वाहून नेते. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या एका जनुकात एकच लहानसा बदल झाला, तर प्राणवायू कमी पडताच ह्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठ होतात. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हातापायांत, पाठीत, पोटात असह्य वेदना होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मरते. त्यामुळे रक्त सतत कमी पडते आणि लहान मुलांना जंतुसंसर्ग लवकर होतो.

डॉ. जेम्स हेरिक यांनी शिकागो येथे १९१० साली अशा पेशींचे वर्णन पहिल्यांदा प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे हे दाखवले. भारतात या आजाराची नोंद १९५२ साली निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली.

चारपैकी एक म्हणजे काय?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्याकडे असतात. एक आईकडून मिळालेली, एक वडिलांकडून. दोन्ही प्रती सदोष असतील तर माणूस रुग्ण होतो. एकच सदोष असेल तर तो 'वाहक'. वाहक सहसा निरोगी आयुष्य जगतो आणि त्याला या आजाराच्या औषधांची गरज नसते. पण दोन वाहकांचे लग्न झाले, तर प्रत्येक अपत्य रुग्ण असण्याची संभाव्यता १/४, वाहक असण्याची १/२ आणि पूर्ण निर्दोष असण्याची १/४ असते. मेंडेलच्या वाटाण्यांचा जो तक्ता तुम्ही विज्ञानात काढता, तोच हा.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'चारपैकी एक' याचा अर्थ पहिले मूल रुग्ण निघाले की पुढची तीन सुरक्षित, असा होत नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. अशा जोडप्याला चार मुले झाली, तर चारही मुले या आजारातून सुटण्याची संभाव्यता ३/४ × ३/४ × ३/४ × ३/४, म्हणजे ८१/२५६, जवळजवळ ३२ टक्के येते. म्हणजे दोन्ही पालक वाहक असलेल्या आणि चार मुले असलेल्या कुटुंबांपैकी साधारण एक तृतीयांश कुटुंबांना आपल्या घरात हे जनुक आहे, याचा पत्ताही लागत नाही. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहत बसलो तर वाहक कधीच सापडणार नाहीत. गावोगाव जाऊन तपासणी का करावी लागते, याचे उत्तर या एका अपूर्णांकात आहे.

देशाचे आकडे

गुजरात राज्याने सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम २००६ साली हाती घेतला. आपल्या मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य हिमोग्लोबिनोपॅथी मिशन सुरू झाले आणि त्यासाठी प्रायोगिक जिल्हे म्हणून झाबुआ व अलीराजपूर निवडले गेले. पुढे १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय मिशनचा आरंभ झाला. २०२५-२६ पर्यंत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून सिकलसेलचे उच्चाटन, असे उद्दिष्ट ठरले.

जुलै २०२५ पर्यंत ६ कोटींहून अधिक लोकांची तपासणी झाली. त्यांत सुमारे २ लाख १५ हजार रुग्ण आणि सुमारे १६ लाख ७० हजार वाहक आढळले. वर्तमानपत्रात आपण हे आकडे वाचतो आणि पान उलटतो. आज पान न उलटता वही-पेन्सिल घेऊ या.

सरासरी कुठे फसवते?

आधी एक लहान गाव घ्या. १००० लोक, म्हणजे त्या जनुकाच्या २००० प्रती. त्यांपैकी २०० सदोष आहेत असे माना, म्हणजे दहात एक. एखाद्याला दोन्ही प्रती सदोष मिळण्याची संभाव्यता १/१० × १/१० = १/१००, म्हणून रुग्ण १०. एकच सदोष मिळण्याची २ × १/१० × ९/१० = १८/१००, म्हणून वाहक १८०. ताळा करा: वाहकांच्या १८० प्रती आणि रुग्णांच्या २० मिळून २०० झाल्या. १९०८ साली इंग्लंडचे गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाईनबर्ग यांनी स्वतंत्रपणे मांडलेला हाच नियम.

आता तोच नियम देशाच्या आकड्यांना लावू. ६ कोटी लोक म्हणजे १२ कोटी प्रती. सदोष प्रती: वाहकांच्या १६ लाख ७० हजार आणि रुग्णांच्या प्रत्येकी दोन याप्रमाणे ४ लाख ३० हजार, एकूण २१ लाख. हे प्रमाण १.७५ टक्के झाले. त्याचा वर्ग करून ६ कोटींनी गुणले तर रुग्ण १८ हजारांच्या आसपास यायला हवेत. पण सापडले २ लाख १५ हजार, म्हणजे जवळजवळ बारा पट!

मग नियम चुकला का? नाही. नियम लावताना आपण सगळा देश एकच गाव धरला, तिथे फसगत झाली. दहा गावे डोळ्यांसमोर आणा, प्रत्येकी १००० वस्तीची. नऊ गावांत हे जनुक मुळीच नाही आणि एका गावात दहात एक आहे. खरे रुग्ण आहेत १०, सगळे त्या एका गावात. पण दहा गावांची सरासरी काढली तर सदोष प्रती शंभरात एक येतात. त्याचा वर्ग दहा हजारांत एक, म्हणजे सरासरीच्या हिशेबाने रुग्ण फक्त १. सरासरीने नऊ रुग्ण गिळले!

आपल्याकडे विवाह बहुधा आपापल्या समाजातच होतात. त्यामुळे हे जनुक देशभर सारखे पसरलेले नाही, काही समाजांत आणि काही भागांत ते दाट आहे. वरच्या फरकाला इतर कारणेही आहेत. ज्यांच्या घरी रुग्ण आहे, असे लोक तपासणीला आधी पुढे येतात. सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांचे एकेक जनुक मिळूनही आजार होतो. पण योजना आखणाऱ्याने घ्यायचा धडा स्पष्ट आहे: औषधे, रक्तपेढ्या, प्रशिक्षित परिचारिका यांची वाटणी राज्याच्या सरासरीवर केली, तर जिथे गरज सर्वांत जास्त, तिथेच तुटवडा पडेल. म्हणून आकडे जिल्ह्याचे, तालुक्याचे आणि शक्य तर गावाचे हवेत.

चाचणीचे गणित

शिबिरात वापरल्या जाणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत रक्ताचा थेंब एका द्रावणात मिसळतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा होतात. चाचणी सोपी व स्वस्त आहे, पण तिच्यावरून माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांत तर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अजून शिल्लक असल्याने तिच्यावर विसंबता येत नाही. खात्रीसाठी एचपीएलसी यंत्रावर किंवा इलेक्ट्रोफोरेसिस पद्धतीने पुन्हा तपासणी करावी लागते.

आता समजा, एखादी चाचणी सदोष जनुक असलेल्या १०० पैकी ९९ जणांना ओळखते आणि नसलेल्या १०० पैकी फक्त दोघांना उगाच 'आहे' म्हणते. चांगलीच म्हणायची ना? ती दोन ठिकाणी लावून पाहू.

पहिल्या गावात १००० पैकी २०० जणांत जनुक आहे. चाचणी १९८ जणांना बरोबर पकडेल आणि उरलेल्या ८०० पैकी १६ जणांना उगाच पकडेल. एकूण २१४ जणांपैकी १९८ खरे, म्हणजे ९२ टक्क्यांहून अधिक.

दुसऱ्या वस्तीत १००० पैकी फक्त ५ जणांत ते आहे. ते पाचही बहुधा सापडतील, पण उरलेल्या ९९५ पैकी सुमारे २० जणांवर खोटा ठपका येईल. ज्यांना 'आहे' असे सांगितले, त्या २५ जणांपैकी खरे फक्त ५!

चाचणी तीच, नळी तीच, निष्कर्षाचा भरवसा मात्र निराळा. म्हणून तपासणी आधी कुठे करायची हे आकडे पाहून ठरवतात, आणि पहिल्या चाचणीवर कोणाच्याही नावापुढे 'रुग्ण' लिहीत नाहीत.

नकाशा आणि मॉडेल

सर्व गावे तपासून होईपर्यंत थांबता येत नाही. अशा वेळी 'मॉडेल' कामी येते. मॉडेल म्हणजे माहीत असलेल्या आकड्यांवरून, नियम उघड सांगून, माहीत नसलेल्याचा काढलेला अंदाज. १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाचा जोर होता, तिथे हे जनुक का टिकून राहिले ते यावरून समजते. फ्रेडरिक पील व सहकाऱ्यांनी अनेक देशांतील सर्वेक्षणे एकत्र करून जगाचा नकाशा तयार केला. त्यांच्या २०१३ च्या अंदाजानुसार जगात २०१० साली सुमारे ३ लाख बालके हा आजार घेऊन जन्मली आणि २०५० साली ही संख्या ४ लाखांवर जाईल. सर्वाधिक भार असलेल्या देशांत नायजेरिया, भारत आणि काँगो हे तीन येतात.

अंदाज हा अंदाजच असतो. चांगले मॉडेल एक आकडा ठोकून देत नाही, 'कमीत कमी इतके, जास्तीत जास्त इतके' असेही सांगते. नवी माहिती आली की ते दुरुस्त करायचे असते.

आणि मोजणी हे शेवटचे ध्येय नाही. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सिकलसेलच्या लहान मुलांना रोज पेनिसिलिन दिल्याने न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. पण मूल वेळेवर सापडले तरच या उपायांचा उपयोग.

पालक व विश्वस्तांना विनंती

आकड्यामागे माणूस असतो. वाहक असणे हा दोष नाही, कोणत्याही समाजाचा कमीपणा तर मुळीच नाही. तरीही गावात कुजबुज होते आणि तिचा त्रास मुलाहून मुलीला अधिक भोगावा लागतो. लग्न ठरवताना दोन्ही बाजूंचे कार्ड पाहावे, एकट्या मुलीचे नव्हे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा आग्रह असा की आपल्या शाळेत कोणतेही रक्ततपासणी शिबिर घ्यायचे झाल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी, निकाल बंद पाकिटात पालकांच्याच हाती द्यावा, आणि नावांची यादी फलकावर किंवा वर्गात कधीही वाचू नये. संख्या सर्वांची, नाव ज्याचे त्याचे. लोकांचा हा विश्वास टिकला तरच ते पुढच्या तपासणीला येतील, आणि लोक आले नाहीत तर सगळे गणित कागदावरच राहील.

स्वाध्याय

१) ५०० वस्तीच्या गावात जनुकाच्या १००० प्रतींपैकी २०० सदोष आहेत. नियमाप्रमाणे रुग्ण किती आणि वाहक किती?

२) वर दिलेलीच चाचणी १००० पैकी ५० जणांत जनुक असलेल्या गावात केली. 'आहे' निघालेल्यांपैकी शेकडा किती खरे असतील?

३) दोन वाहकांना दोन मुले झाली. दोघांपैकी एकही रुग्ण नसण्याची संभाव्यता काढा.

उत्तरे रीतीसह लिहून गणिताच्या शिक्षकांना दाखवावीत. आणि घरी आजी-आजोबांनाही हे गणित समजावून सांगावे. जो दुसऱ्याला समजावू शकतो, त्यालाच ते खरे समजलेले असते.