फ्रिजवरचं यंत्र आणि रताळ्याच्या काचऱ्या

पंचवटी, नाशिक
माघ वद्य सप्तमी

चि. बाळास,


तुझा फोन आला तेव्हा मी कपालेश्वराच्या पायऱ्या उतरत होते, म्हणून धड बोलता आलं नाही. शिवाय तू चिडला होतास, आणि चिडलेल्या माणसाशी फोनवर बोलण्यापेक्षा त्याला पत्र लिहिलेलं बरं. तुझी तक्रार एवढीच, की दिवाळीत एवढे पैसे घालून एअर फ्रायर पाठवला आणि आई त्याला हात लावत नाही. दादाच्या छातीत दोन स्टेंट, तरी घरात कढई चढतेच. तेव्हा 'आत्या, तू आईला समजाव.'

वहिनीला समजावणं मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही. तुला समजावणं त्यामानाने सोपं, म्हणून तुलाच लिहिते.

यंत्र फ्रिजवर आहे, क्रोशाचा रुमाल पांघरून. आई हात लावत नाही हे खरं, पण लावलाच नाही हे खोटं. कार्तिकी एकादशीला तिने त्यात रताळ्याच्या काचऱ्या केल्या होत्या. मी तिथेच होते. टोकं कोळशासारखी आणि मधला भाग भिजलेल्या वातीसारखा. दादाने एक उचलली, बशी हळूच बाजूला सरकवली, आणि काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. रात्री वहिनीने कढई ठेवली.

मग 'माझ्याकडे दोन महिने राहू दे' म्हणून मी ते यंत्र पंचवटीत आणलं. पस्तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाईला घरात प्रयोग करायला एवढं निमित्त पुरतं. यंत्र आता परत वहिनीच्या फ्रिजवर गेलंय; जे कळलं ते तुला सांगते.

पहिली गोष्ट, ते यंत्र तळत नाही. वर तापणारी तार आणि तिच्या डोक्यावर पंखा, म्हणजे जोराचा वारा असलेली लहानशी भट्टी. २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने ते आणलं तेव्हापासून त्याच्या नावात 'फ्रायर' आहे, आणि निम्मी फसगत त्या नावातच आहे. कढईतलं तेल काचरीला सगळ्या बाजूंनी एकदम भिडतं आणि भराभर उष्णता देतं. हवेला ते साधत नाही. २०० अंशांच्या भट्टीत हात क्षणभर जाऊन परत येतो, तेवढ्याच तापलेल्या तेलात गेला तर थेट दवाखाना. म्हणून हवेला जायला वाट ठेवावी लागते. वहिनीने कढईत सोडतात तसा अर्धा किलोचा ढीग त्या टोपलीत ओतला होता. वरच्या करपल्या, खालच्या आपल्याच वाफेत उकडल्या. एका वेळी एकच थर, तोही विरळ. चार माणसांचं करायचं तर तीन घाणे लागतील. दुकानदार हे सांगत नाही.

दुकानावरून आठवलं. इथल्या एका दुकानात मी प्रात्यक्षिक पाहिलं. पोराने फ्रीझरमधली पिशवी फोडली, टोपलीत ओतली आणि पंधरा मिनिटांत सोनेरी फ्राइज काढून दाखवल्या. 'बघा आजी, थेंबभर तेल नाही!' पिशवीमागची बारीक अक्षरं मी चष्मा लावून वाचली. तेलाचं नाव तिथे होतं. असे फ्राइज कारखान्यातच गरम पाण्यातून काढून, एकदा तेलात अर्धवट तळून गोठवलेले असतात. त्या पोराला मी काही बोलले नाही, नोकरीचा प्रश्न होता त्याच्या. पण घरातलं कच्चं रताळं त्या यंत्रात टाकून तसंच निघावं ही अपेक्षा तुझ्या आईने का करावी आणि तू तरी का करावीस?

आता जे तू समजून घ्यावंस असं मला फार वाटतं, ते. बायका कानाने तळतात. काचऱ्या तेलात सोडल्या की आधी जोरात चर्रर्र होतं. तो आवाज तेलाचा नव्हे, काचरीतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं त्याचा. पाणी सरत आलं की आवाज बसतो, बुडबुडे बारीक होतात. वहिनी त्या वेळी ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत असते, आणि नेमकी तेव्हाच वळून झारा घालते. तू तिला बंद खण दिलास. आत काय चाललंय ते दिसत नाही, ऐकू येतो तो फक्त पंखा, आणि मग घंटी. चाळीस वर्षांची विद्या एका बटणाने काढून घेतलीस, आणि वर म्हणतोस आई हट्टी आहे.

यावर उपाय सोपा आहे, तो पुस्तिकेत मात्र ठळक छापलेला नाही. खण उघडायचा. दर पाच मिनिटांनी. उघडल्याने काही बिघडत नाही, यंत्र थांबतं आणि लावला की पुढे चालू होतं. हलवायचं, वास घ्यायचा, एक तोडून बघायची. वहिनीला वाटत होतं, मध्ये उघडलं तर वॉरंटी जाते.

आता कंदांविषयी. सगळ्यांना एकच तापमान आणि एकच वेळ लावणं म्हणजे वर्गातल्या सगळ्या मुलांना एकाच मापाचे बूट घालणं.

बटाटा घे. (शास्त्राने तो मूळ नव्हे, जमिनीतलं खोड. वर डोळे असतात ते कोंबांचे. आणि गंमत म्हणजे 'बटाटा' हे नाव मुळात रताळ्याचं. कॅरिबियन बेटांवरचे लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत, पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला, आणि आपल्याकडे येईपर्यंत तो दुसऱ्याच कंदाला चिकटला. उपासाला चालणारे हे दोघेही समुद्रापलीकडचे, हे आपल्या सोवळ्यातल्या आजीला कळलं असतं तर!) काचऱ्यांना बटाटा पिठूळ हवा, नवा चिकट नको. ओळखायचं असेल तर अकरा वाट्या पाण्यात एक वाटी मीठ विरघळव. त्यात बुडेल तो पिठूळ, तरंगेल तो रश्श्याला. बोटभर लांब, करंगळीएवढे जाड काप कर, अर्धा तास गार पाण्यात ठेव आणि पाणी नितळ येईपर्यंत धू. उन्हाळ्यात गच्चीवर बटाट्याचा कीस घालताना तुझी आजी दोन-तीन पाणी का बदलायची, ते हेच. वरचं मोकळं पीठ गेलं नाही तर काप एकमेकांना चिकटतात आणि डाग पडतात. मग उकळत्या मिठाच्या पाण्यात चार मिनिटं, निथळून पंच्यावर पसरून अगदी कोरडे. ओला काप कुरकुरीत होत नाही, यंत्र कितीही महाग असो. अर्धा किलोला एक मोठा चमचा तेल, हाताने चोळून. तेल अजिबात नको असा हट्ट धरू नकोस. तेवढ्यानेच काप सगळीकडून सारखा भाजतो. आधी १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं, मग २०० वर सहा-सात.

एक सांगायचं राहिलं. बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. तुझ्या आईला ती सवय तूच लावलीस, मोठा फ्रिज घेऊन दिल्यापासून. गारठ्यात बटाट्यातलं पीठ साखर होऊ लागतं आणि असा बटाटा आच लागताच काळा पडतो. टोपलीत, अंधारात, हवेशीर ठेवायचा, कांद्यापासून लांब. नाशिकच्या माणसाला कांद्याची चाळ कळते, बटाट्याची टोपली का कळू नये?

रताळं मात्र नाठाळ. त्यात पीठ कमी, साखर जास्त, आणि त्याहून वाईट म्हणजे ते तापताना आणखी साखर करतं. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्यातला एक पाचक रस पिठाची साखर करत सुटतो. हळूहळू तापवलं तर त्याला भरपूर वेळ मिळतो. आजी चुलीच्या राखेत रताळं पुरून ठेवायची आणि संध्याकाळी ते फोडलं की मधासारखा पाक गळायचा, तो याच रसाचा. तिथे जो गुण, तोच काचऱ्यांत दोष. साखर ओढते पाणी, म्हणून काचरी लुळी, आणि साखर लवकर जळते, म्हणून टोकं काळी. तेव्हा रताळ्याला बटाट्यासारखी आधी मंद आच द्यायची नाही. यंत्र आधी तापवून घ्यायचं, काप बटाट्यापेक्षा बारीक आणि सगळे एका जाडीचे, अर्धा तास पाण्यात ठेवून कोरडे केलेले. निमुळत्या टोकांचा मोह सोड, ती उकडून दह्यात घाल. मग अर्धा किलोला दीड-दोन चमचे पीठ भुरभुरायचं. बाहेर यासाठी कॉर्नफ्लोअर वापरतात, पण उपासाला आपल्याकडे त्याहून चांगलं आहे: साबुदाण्याचं पीठ. साबुदाणा म्हणजे तरी टॅपिओका कंदाचाच सत्त्वांश. शिंगाड्याचं पीठही चालतं, रंग जरा मळकट येतो. राजगिऱ्याचं मी करून पाहिलं, कडवट लागलं, पुन्हा करणार नाही. पिठावर तेल, मग १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं, दोनदा हलवून. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटतं. काढल्यावर दोन मिनिटं ताटात उघडं राहू दे, बाहेर आल्यावरच ते खरं कडक होतं. तरी बटाट्याचा कुरकुरीतपणा येणार नाही. रताळ्याकडून तो मागूही नये.

सुरण सगळ्यांत गुणी. चिंचेच्या पाण्यात किंवा आमसुलाच्या आगळात घोळवून आधी शिजवून घ्यायचा, कारण कच्च्या सुरणातल्या सुयांसारख्या बारीक स्फटिकांनी घसा धरतो आणि नुसत्या वाऱ्यावर ती खाज मरेल असं धरून चालू नये. शिजलेल्या सुरणाचे काप १९० वर दहा मिनिटांत असे होतात की दादाने विचारलं, 'हे तळलंय का?' अळकुड्या सालासकट उकडून, सोलून, तळहाताने चपट्या कर आणि २०० वर ठेव. कडा जाळीदार होतात. गाजर आणि बीट हे बहुतेक पाणीच, ते आकसतात, गोड होतात, चविष्ट लागतात, पण फ्राइज म्हणू नकोस. मुळा टाकू नकोस. मी टाकला. दोन दिवस घरात वास होता.

दोन सावधगिऱ्या. टोपलीत बटर पेपर घालायचा तर वर वजन हवं. मी तो घालून यंत्र रिकामं तापवायला ठेवलं, तो उडून तारेला लागला आणि पेटला. तुझ्या आईला हे सांगू नकोस. आणि १,५०० वॅटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं. आईने ते मिक्सरच्या लहान सॉकेटवर लावलं होतं, प्लग हाताला चटका देत होता. गिझरचं असतं तसं १६ अँपिअरचं सॉकेट ओट्यावर आधी बसवून घे. वीस मिनिटांना वीज लागते फार तर अर्धा युनिट, त्याची काळजी नको.

दादाच्या तब्येतीचं. तेल कमी झालं हे खरंच चांगलं, त्यात मी तुझ्या बाजूची. पण तेल गेलं म्हणून परातभर खाल्लं तर कुठे हिशेब लागला? मीठ तेवढंच राहतं, पिष्ट तेवढंच राहतं. दादाची साखरही आता काठावर आहे, आणि भाजलेलं रताळं उकडलेल्यापेक्षा साखर जास्त चढवतं. त्याला एक वाटी, बरोबर दही आणि दाण्याची चटणी. आणि काळं झालेलं टाकून द्यायचं, 'चालतं' म्हणायचं नाही. १९१२ साली लुई माईयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्या क्रियेचं वर्णन केलं, तिच्यामुळेच पावाला आणि काचरीला तो सोनेरी रंग आणि खमंग वास येतो. पण २००२ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की त्याच वाटेवर, पिष्टमय पदार्थ फार तापले की, अ‍ॅक्रिलामाइड नावाचं नको ते रसायनही तयार होतं. रंग सोनेरी असताना काढायचं. खण उघडून बघायचं म्हणते ते यासाठीही.

आणि आईला 'अगदी तळल्यासारखं लागतं' असं एकदाही म्हणू नकोस. लागत नाही. तिची जीभ तुझ्या-माझ्यापेक्षा तयार आहे, तिला खोटं लगेच कळतं. 'हे वेगळं आहे, दादासाठी आहे' म्हण. वर्षातून चार सणांना कढई चढली तर गप्प बैस.

शिवरात्र आली. येत्या बुधवारी गंगेवरच्या बाजारात रताळ्यांचे ढीग लागतील. बारीक, सरळ, लाल सालीची बघून दोन किलो मी घेऊन ठेवते, साबुदाण्याचं पीठही दळून आणते. वायरमनला शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी बोलावलंय, तेव्हा तू घरी हवास. फ्रिजवरून यंत्र तूच खाली काढ, विळीवर बसायला येत नसेल तर सुरी आण, आणि पहिला घाणा तू कर. वहिनी शेजारी उभी राहून चुका काढेल, काढू दे.

येताना बटर पेपर आणू नकोस.

तुझी,
आत्या