सर्व धर्म समजून घेताना : श्रद्धा, प्रतीक, उपासना आणि उत्सव (लखनौच्या उदाहरणांतून)



आपल्या सत्संगात "सर्व धर्म सारखेच आहेत" हे वाक्य वारंवार ऐकू येते. बोलणाऱ्याची भावना चांगली असते. पण या वाक्यानंतर बहुतेक वेळा अभ्यास थांबतो. सगळे सारखेच असेल, तर शेजाऱ्याला वेगळे विचारायचे तरी काय? या पाठात आपण उलट दिशेने जाऊ. आधी फरक नीट पाहू आणि त्यानंतर आदर कसा करायचा याचा विचार करू. उदाहरणे मुख्यतः लखनौची घेतली आहेत, कारण या एका शहरात अनेक धर्मांची उपासना अगदी रस्त्यावर दिसते. जिथे महाराष्ट्रातील ओळखीचे उदाहरण आहे, तिथे तेही जोडले आहे.

१. चार शब्द वेगळे करून घेऊ

कोणत्याही धर्माचा अभ्यास करताना चार गोष्टी वेगवेगळ्या ठेवाव्यात.

श्रद्धा : माणूस काय सत्य मानतो.
प्रतीक : ते सत्य डोळ्यांसमोर आणणारी खूण. उदाहरणार्थ क्रूस, दिवा, चंद्रकोर, धर्मचक्र.
उपासना : त्या श्रद्धेतून रोज किंवा नियमाने घडणारी कृती. उदाहरणार्थ पूजा, नमाज, प्रार्थना, पाठ, वंदना.
उत्सव किंवा स्मरणदिन : वर्षातील ठरलेला दिवस, ज्या दिवशी सगळा समाज एकत्र येऊन काही आठवतो.

बाहेरून आपल्याला प्रतीक, उपासना आणि उत्सव दिसतात. श्रद्धा दिसत नाही, ती विचारावी लागते. आपण दिसणाऱ्या गोष्टीवरून न दिसणाऱ्या गोष्टीचा अंदाज बांधतो, आणि बहुतेक गैरसमज तिथेच तयार होतात.

२. कृती एक, अर्थ दोन : पाणी पाजणे

उत्तर भारतात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिकडचा ज्येष्ठ आपल्या पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. या ज्येष्ठातील प्रत्येक मंगळवार लखनौमध्ये 'बडा मंगल' म्हणून पाळतात. हनुमानाच्या दर्शनासाठी अलीगंजच्या मंदिरांत मोठी रांग लागते आणि शहरभर रस्त्यांच्या कडेला भंडारे लागतात. पुरी-भाजी, बुंदी, सरबत आणि थंड पाणी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिले जाते. कोणाला जात-धर्म विचारत नाहीत. अलीगंजचे जुने मंदिर नवाब घराण्यातील एका बेगमेने बांधवले, अशी कथा शहरात परंपरेने सांगतात. त्या मंदिराच्या कळसावर चंद्रकोर आहे.

याच शहरात मोहरमच्या दिवसांत 'सबील' लागतात. तिथेही येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी किंवा सरबत मिळते आणि तिथेही कोणाला काही विचारत नाहीत. वरवर पाहिले तर दोन्ही कृती एकच आहेत.

पण अर्थ वेगळे आहेत. भंडाऱ्यात सेवा आणि प्रसाद आहे. देवाला दाखवलेला नैवेद्य सगळ्यांत वाटायचा आणि कडक उन्हात थकलेल्याची तहान भागवायची, ही भावना त्यामागे आहे. सबीलमध्ये एका विशिष्ट तहानेचे स्मरण आहे. हिजरी सन ६१ मध्ये, म्हणजे इसवी सन ६८० मध्ये, करबला येथे पैगंबर मुहम्मद यांचे नातू इमाम हुसेन आणि त्यांचे मोजके सोबती शहीद झाले. त्याआधी फुरात नदीचे पाणी त्यांच्यासाठी बंद करण्यात आले होते आणि छावणीतील लहान मुलेही तहानेने व्याकूळ झाली होती. ज्यांना पाणी मिळाले नाही, त्यांच्या आठवणीने आज प्रत्येकाला पाणी द्यायचे, असा त्या पेल्यामागचा विचार आहे.

दोन्ही ठिकाणी पाणी प्यावे आणि दोन्ही ठिकाणी धन्यवाद द्यावेत. पण "हे आपल्या भंडाऱ्यासारखेच" एवढे म्हणून पुढे गेलो, तर करबलाची गोष्ट आपल्या कानावर कधीच येणार नाही.

३. प्रत्येक दिवस 'सण' नसतो

आपल्याकडे कॅलेंडरवर लाल अक्षरांत सुट्टी दिसली की लगेच शुभेच्छांचे संदेश सुरू होतात. दिवाळी, ईद, नाताळ यांना ते शोभतात. पण "मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा" हा संदेश शिया कुटुंबात वाचला जातो, तेव्हा काय वाटत असेल याचा विचार करावा. घरात दुःख असताना कोणी पेढे घेऊन यावे, तसे ते आहे.

लखनौमध्ये शिया समाज मोहरमच्या पहिल्या तारखेपासून दोन महिने आठ दिवस शोक पाळतो. या काळात लग्नकार्य करत नाहीत आणि काळे कपडे घालतात. मजलिस भरतात, म्हणजे करबलाची कथा सांगणाऱ्या आणि रडणाऱ्या लोकांची सभा होते. दहावी तारीख म्हणजे आशुरा. सुन्नी परंपरेत या दिवशी रोजा ठेवण्याची रीत आहे. म्हणजे एकाच धर्मातील दोन परंपरा हा दिवस वेगवेगळ्या रीतीने पाळतात.

ख्रिस्ती धर्मातील गुड फ्रायडे पाहा. येशू ख्रिस्ताला क्रूसावर दिले त्या दिवसाचे हे स्मरण आहे. त्या दिवशी उपवास, मौन आणि प्रार्थना असते. आनंद येतो तो तिसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, पुनरुत्थानाच्या श्रद्धेने. शुभेच्छा द्यायच्या त्या ईस्टरला.

बौद्ध धर्मात आणखी वेगळा प्रकार दिसतो. वैशाख पौर्णिमा हा भगवान बुद्धांचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण या तिन्हींचा दिवस मानला जातो. जन्म आणि देहाचा अंत एकाच दिवशी आठवायचे, आणि तेही शांत मनाने, हीच त्या दिवसाची शिकवण आहे.

म्हणून 'उत्सव' या एका शब्दात सगळे दिवस बसत नाहीत. काही दिवस आनंदाचे असतात, काही शोकाचे, काही आत्मपरीक्षणाचे. जैनांच्या पर्युषण पर्वाच्या शेवटी परस्परांची क्षमा मागतात, तो आत्मपरीक्षणाचा दिवस. संदेश पाठवण्यापूर्वी दिवस कोणता, हे विचारावे.

४. दिवस एक, अर्थ अनेक : दिवाळी

आता उलट उदाहरण घेऊ. दिवाळीत दिवा अनेक घरांत लागतो, पण कारणे निराळी असतात. अयोध्या लखनौपासून जवळ आहे. तिथल्या घरांत दिवा लागतो तो वनवास संपवून परतलेल्या श्रीरामांच्या स्वागतासाठी. आपल्याकडे व्यापारी घरांत लक्ष्मीपूजन आणि वहीपूजन होते आणि नव्या हिशेबाची सुरुवात होते. जैन बांधवांसाठी हा भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस आहे आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे वीर निर्वाण संवत सुरू होते. शीख बांधव 'बंदी छोड दिवस' पाळतात. गुरू हरगोबिंद साहिब यांची ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटका झाली आणि त्यांनी इतर बंदी राजांनाही आपल्याबरोबर सोडवले, याची ती आठवण आहे.

उपासनेतील फुलाचेही असेच आहे. मंदिरात फूल देवाला प्रेमाने अर्पण करतात. बौद्ध विहारात बुद्धमूर्तीसमोर फूल ठेवताना साधक मनात आणतो की हे फूल जसे कोमेजणार, तसा हा देहही नाश पावणार. तिथे मागणे नसते, अनित्यतेचे चिंतन असते. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या आपल्या नागपूरच्या वाचकांना हे सांगायला नको.

५. प्रतीक कशासाठी आहे, हे पाहावे

लखनौचा बडा इमामबाडा पाहायला देशभरातून लोक येतात. नवाब आसफुद्दौला यांनी १७८४ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून त्याचे बांधकाम सुरू केले. त्याचा मधला प्रचंड दिवाणखाना सुमारे ५० मीटर लांब आहे आणि छताला आधार देणारा एकही खांब त्यात नाही. बरेच पर्यटक त्याला मशीद समजतात. मशीद शेजारी वेगळी आहे, आसफी मशीद. इमामबाडा ही करबलाच्या शोकसभांची जागा आहे. तिथे ताजिये आणि अलम ठेवतात. ताजिया ही इमाम हुसेन यांच्या समाधीची प्रतिकृती. अलम म्हणजे निशाण.

महाराष्ट्रात आपण ताजियाला ताबूत किंवा डोला म्हणतो. सांगली जिल्ह्यातील कडेगावचे उंचच उंच ताबूत आणि त्यांच्या भेटी प्रसिद्ध आहेत, आणि त्यात हिंदू-मुस्लिम दोघेही सहभागी होतात. आपल्याकडे ताबूत पाण्यात विसर्जित करतात. लखनौमध्ये ताजिये 'करबला' म्हटल्या जाणाऱ्या जागेत दफन करतात. प्रतीक एकच असले तरी प्रांताप्रमाणे रीत बदलते.

पारशी बांधवांना कोणी 'अग्निपूजक' म्हणतात, ते त्यांना पटत नाही. त्यांची उपासना अहुर मज्दाची आहे आणि अग्नी हे त्याच्या प्रकाशाचे व पावित्र्याचे प्रतीक आहे. गुरुद्वारात श्री गुरू ग्रंथ साहिब पालखीतून आणतात, चवरी ढाळतात आणि रात्री विश्रांतीस नेतात. शिखांसाठी तो ग्रंथ साक्षात गुरू आहे. गुरू गोबिंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेड येथे हे गुरुपद ग्रंथाला दिले. त्याच ग्रंथात आपल्या संत नामदेवांची पदेही आहेत. म्हणजे लखनौच्या गुरुद्वारात आपण माथा टेकतो, तेव्हा एका मराठी संतापुढेही टेकतो.

कधी श्रद्धा एखाद्या बंद दुकानातूनही दिसते. कोकणात स्थायिक झालेले बेने इस्रायली यहुदी तेलाचे घाणे चालवत. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा पवित्र दिवस असल्याने त्या दिवशी घाणा बंद असे. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. गावाला त्यांचा धर्मग्रंथ माहीत नव्हता, पण शनिवार माहीत होता.

६. देणे : दान की कर्तव्य?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने हा भाग मला विशेष विचार करायला लावतो. 'जकात' हा शब्द मराठी माणसाला जकात नाक्यामुळे माहीत आहे. मूळ अरबी शब्द इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एकाचे नाव आहे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त बचत एक चांद्र वर्ष शिल्लक राहिली, तर तिच्यावर अडीच टक्के गरजूंसाठी काढायचे. शिया परंपरेत याशिवाय 'खुम्स' आहे, म्हणजे वर्षाचा खर्च भागून उरलेल्या मिळकतीचा पाचवा हिस्सा. शिखांमध्ये 'दसवंध', म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. ख्रिस्ती परंपरेतही दशांश देण्याची रीत आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर ही रक्कम आपल्या मर्जीने दिलेली देणगी म्हणून लिहायची नाही. ती 'देणे' म्हणून लिहायची, कारण ती मुळातच दुसऱ्याची आहे. आपण दान दिल्यावर मनात जो सूक्ष्म अहंकार येतो, त्यावर हा विचार उत्तम औषध आहे. दुसऱ्या धर्माच्या अभ्यासाने आपली साधना अशीही सुधारते.

७. एकत्र राहणे आपोआप होत नाही

लखनौची 'गंगा-जमुनी तहजीब' खरी आहे. पण तिचे फक्त गोड चित्र दाखवणे योग्य नाही. याच शहरात शिया-सुन्नी संघर्षामुळे १९७७ पासून मोहरमच्या मिरवणुकांवर बंदी होती आणि १९९८ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे सुमारे वीस वर्षे एका समाजाला आपला शोक रस्त्यावर व्यक्त करता आला नाही. हा वाद एकाच धर्माच्या दोन परंपरांमधला होता. जवळचे असणे म्हणजे समजून घेणे नव्हे, हे त्यातून दिसते. एका भंडाऱ्याने किंवा एका सबीलने शांतता कायमची मिळत नाही. ती दर वर्षी, दर मोहल्ल्यात पुन्हा कमवावी लागते.

८. अभ्यासाची पद्धत

लखनौशी जोडलेले एक मराठी नाव म्हणजे पंडित विष्णू नारायण भातखंडे. १९२६ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून इथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी ते देशभर फिरले, हिंदू-मुस्लिम गायकांकडून बंदिशी ऐकल्या आणि स्वरलिपीत लिहून ठेवल्या. आधी ऐकणे, मग लिहिणे आणि त्यानंतर तुलना, हा क्रम आपणही ठेवावा. दुसऱ्या धर्माची कोणतीही गोष्ट पाहिली की हे चार प्रश्न विचारावेत :

१. ही कृती करणारा स्वतः तिचा अर्थ काय सांगतो?
२. हा दिवस आनंदाचा, शोकाचा की आत्मपरीक्षणाचा?
३. हे सर्व अनुयायी करतात, की एखादी परंपरा किंवा प्रांत?
४. यातून माझ्या साधनेला काय शिकायला मिळते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा माणसाकडून घ्यावे. विचारताना वादाचा सूर नको. "आम्हाला समजून घ्यायचे आहे" एवढे म्हटले, तर बहुतेक जण आनंदाने सांगतात.

मनन आणि चर्चेसाठी

१. आपल्या गावात किंवा वस्तीत कोणकोणत्या धर्मांचे लोक राहतात? त्यांच्या एका शोकदिनाचे नाव आपल्याला माहीत आहे का?
२. आपल्या उपासनेतील कोणती कृती बाहेरच्या माणसाला चुकीची समजू शकेल? तिचा अर्थ आपण चार वाक्यांत कसा सांगाल?
३. या महिन्यात एका शेजाऱ्याला त्यांच्या एका प्रतीकाचा अर्थ विचारा. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून पुढील सत्संगात वाचा. आपले मत त्यात मिसळू नका.